आईचं सोवळं आणि कुवेतचा रमजान

मिरज स्टेशनावर आई डब्याच्या खिडकीशी उभी होती. माझं नवं लग्न, यांची बंगलोरच्या सरकारी कारखान्यात नवी नोकरी. "तिथल्या लोकांचं बघून वाग गं," एवढंच ती म्हणाली. गाडी सुटल्यावर बेळगावपर्यंत मी रडले. पण खोटं कशाला सांगू, आता आपला स्वतःचा संसार म्हणून मनातून खूशही होते. घर सोडून आलेल्यांना हे कळेल. मागे राहिलेल्यांनी रागावू नये.

राजाजीनगरात दोन खोल्या मिळाल्या. शेजारच्या अक्कांनी हाताला धरून बाजार दाखवला. 'बरं, बरं'च्या जागी त्यांचं 'सरी, सरी' माझ्या तोंडात बसलं, आमटीच्या जागी त्यांची आंबट हुळी माझ्या ताटात आली. मी फार लवकर इथली झाले, याचा मला अभिमानच होता.

बाबा गेले आणि आई मिरजेत एकटी पडली. तिनं कायमचं माझ्याकडे यावं, असा मी हट्ट धरला. ती आलीही. पण तिचं सोवळं कडक. उंच दांडीवर वाळलेलं, कुणी न शिवलेलं लुगडं नेसून स्वतः रांधायचं आणि तेवढंच खायचं. माझी छोटी शुभा तर सारखी तिला जाऊन बिलगायची. शेवटी मी वैतागून म्हणाले, "आई, इथं हे नाही जमायचं." केळी आणि दुधावर आठवडा काढून ती परत गेली. आईला इथली हवा मानवली नाही, असं मी अक्कांना सांगितलं.

पुढं मुंबईला शिकायला असलेला माझा धाकटा भाऊ वसंता कुवेतला नोकरीला लागला आणि त्यानं आम्हाला सुट्टीला बोलावलं. मुंबईहून बोटीनं गेलो. वाळवंटात वसवलेलं ते नवंकोरं शहर बघून डोळे दिपले. रुंद रस्ते, लांबलचक मोटारी, नळाला येणारं पाणी चक्क समुद्राचं, गोड केलेलं. रमजान चालू होता. "ताई, दिवसा बाहेर पाण्याचा घोटही नाही," वसंतानं बजावलं. मी ते अगदी मनावर घेतलं. कोपरापर्यंत बाह्यांची पोलकी मुद्दाम शिवून आणली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून.

एकदा बाजारात शुभाला तहान लागली. ती रडायला लागली तरी मी तिला दटावत राहिले. ते बघून कापडाचा म्हातारा दुकानदार उठला, आतून पेला भरून आणला आणि तिच्या हातात दिला. तो काय म्हणाला ते वसंतानं सांगितलं, "लहान मुलांना कसला रोजा?" त्याचा स्वतःचा उपास होता, ओठ सुकले होते. शुभा घटाघटा पाणी प्यायली आणि मला आईची केळी आठवली. परक्यांचा उपास मी डोक्यावर घेतला होता आणि आईसाठी मला स्वयंपाकघराचा एक कोपरा मोकळा करता आला नव्हता. त्यानंतर सुट्टीत माझं मन लागलं नाही.

परत आल्यावर मी वेगळी शेगडी घेतली, तांब्याची कळशी घेतली, छताला दांडी टांगून घेतली. शुभाला नीट समजावलं. मग यांना पाठवून आईला आणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी सगळं मांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. ती आंघोळ करून आली, दांडीवरच्या लुगड्याकडे बघितलं आणि माझा हात धरून मला आत ओढलं. "ये की. सोडलं मी ते. इथून गेले तेव्हापासून थोडं थोडं सोडत होते. तुझ्याकडे राहायचं होतं ना."

ती पाटावर बसली, पदर सावरला आणि नव्या मुलखात आलेल्या माणसासारखं जपून विचारलं, "तुमच्याकडे सकाळी आधी चहा घेतात, की देवपूजा?"