कडुनिंबाला टांगलेली गंगा

काशीहून गंगा घेऊन रामेश्वराला निघालेल्या माणसाची वाट प्रत्यक्ष शंकर मोकळी करत जातो, अशी आमच्या घाटावर पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा आहे. आम्ही निघालो त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक बैल आडवा बसला होता आणि तो बराच वेळ उठला नाही. बैलाचे शंकराशी असलेले नाते लक्षात घेता याचा अर्थ काय लावावा, हे मला कळेना. मोटारसायकलवर माझ्या मागे बसलेली आत्या म्हणाली, "हॉर्न नको वाजवू. त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं."

आम्ही बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहणारी मराठी माणसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे चमत्कारांपेक्षा तळटिपांवर माझा विश्वास अधिक. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, दशाश्वमेधावर मराठी यात्रेकरूंची धार्मिक कृत्ये करत. तांब्याच्या छोट्या गडूत गंगेचे पाणी भरायचे, तोंडाला झाळ लावून तो पक्का बंद करायचा आणि यात्रेकरूच्या हाती देताना बजावायचे की हे पाणी रामेश्वराच्या पिंडीवर वाहा, येताना तिथल्या सेतूची वाळू आणून गंगेत सोडा, तेव्हा यात्रा पुरी झाली; आणि वाटेत गडू जमिनीला टेकवू नका. हे त्यांनी जन्मभर लोकांना सांगितले. स्वतः मात्र जवळच्याच मोगलसरायच्या पुढे फारसे गेले नाहीत.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी एक गडू स्वतःसाठी भरला. जाणार कसे, तर त्यांच्या शंभर सीसीच्या मोटारसायकलवरून, आत्याला मागे बसवून. सगळ्यांनी हसून घेतले. काका त्याच थंडीत गेले. मोटारसायकल जिन्याखाली उभी राहिली आणि गडू देवघरातल्या खुंटीला लटकत राहिला. घाटावर असे गडू हवे तितके मिळतात. पण काकांच्या हातची झाळ असलेला तेवढा एकच उरला होता. आत्या रोज संध्याकाळी दिवा लावताना त्याच्याकडे बघायची. एका संध्याकाळी म्हणाली, "हा आता रामेश्वराला पोहोचवायचा. त्यांच्या मोटारसायकलवरूनच."

मी म्हणालो, "ट्रेनचं तिकीट काढतो."

"ट्रेनमध्ये गडू ठेवणार कुठे? सीटखाली, लोकांच्या चपलांत?"

"मांडीवर घे."

"आणि रात्री झोप लागली की?"

"मग मोटारसायकलवर रात्री काय करशील?"

"रात्री मोटारसायकल थांबते. ट्रेन थांबत नाही."

या युक्तिवादाला उत्तर शोधायला मी आठवडाभर घेतला. तोवर तिने स्वतःसाठी हेल्मेट आणवले होते. सत्तरी ओलांडलेली माझी आत्या त्यावरून पदर घेऊन आरशासमोर उभी होती, आणि मला सुट्टीचा अर्ज टाकण्याखेरीज काही उरले नाही.

त्या मोटारसायकलबद्दल चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्या प्रवासात मला ज्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला त्यांत तिचा नंबर वरचा आहे. ती पन्नासच्या आसपास चालते. त्याहून जोरात पळवली तर थरथरून नापसंती दाखवते, त्याहून हळू चालवली तर कुरकुरते. चढ आला की आवाज खोल होतो, पण थांबायचा विचार तिच्या मनात येत नाही. ट्रक, बसेस, मिरवायला काढलेल्या मोठ्या गाड्या सगळे तिला मागे टाकून जातात आणि तिला त्याचे काहीच वाटत नाही. इतकी निरहंकारी वस्तू मी आश्रमांतही पाहिलेली नाही.

मिर्झापूरच्या पुढे एका पंपावर अवजड मोटारसायकलींचा एक ताफा भेटला. गुडघ्यांना ढाली, छातीवर कॅमेरे, मागे सामानाची आणि मेकॅनिकची वेगळी जीप. त्यांच्यातला एक जण आत्याच्या हेल्मेटवरचा पदर पाहून जवळ आला आणि अदबीने म्हणाला, "अम्माजी, इतनी दूर? आपकी बैकअप गाडी किधर है?"

आत्याने माझ्याकडे बोट दाखवले. "ये है ना. भतीजा."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

गडू कापडात बांधून आत्याच्या गळ्यात असे, तिच्या आणि माझ्या मध्ये. त्याचा काठ मला पाठीत सारखा टोचायचा आणि वर आत्याचे नामस्मरण उजव्या कानात सुरू. दोन्हींची मला सारखीच कटकट वाटत होती. चहाला थांबलो की एकाने प्यायचा, दुसऱ्याने गडू गळ्यात घेऊन उभे राहायचे. जेवणाचेही तेच. ती दमली की गडू माझ्या छातीवर यायचा. रीव्याच्या लॉजमध्ये तो रात्रभर खिडकीच्या गजाला टांगलेला होता, आणि खोली दाखवणारा माणूस जाताना त्याच्याकडे दोनदा वळून बघत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो; सकाळी मैहर सोडल्यावर रस्त्याकडेला एक छोटा ढाबा लागला. पत्र्याची शेड, दोन खाटा, बाजूला कोणीतरी बांधकामासाठी ओतलेला वाळूचा ढीग, आणि पुढ्यात एक सुरेख कडुनिंब. चुलीपाशी एक चाळिशीची बाई एकटीच रोट्या करत होती. आत्याने झाडाकडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, ही फांदी बघ. खुंटीच आहे जणू." तिने गडू त्या फांदीला टांगला आणि निघाल्यापासून पहिल्यांदाच आम्ही समोरासमोर बसून जेवलो. गरम रोटी, वांग्याचे भरीत, हिरवी मिरची. आत्याने काकांच्या गोष्टी सांगितल्या, हसली, जास्तीची रोटी मागून घेतली. मग आम्ही तृप्त होऊन उठलो, हेल्मेटे चढवली आणि निघालो.

पुढचा प्रवास फार सुखाचा झाला. कटनी गेले, जबलपूर गेले. आत्या जेवणाच्या सुस्तीत माझ्या पाठीला टेकून पेंगत होती, नामस्मरण मंदावले होते, पाठीत काही टोचत नव्हते. मला अंतर्बाह्य हलके वाटत होते. यात्रेचे फळ मिळायला लागले असावे, अशीही एक शंका माझ्या मनाला चाटून गेली.

बरगीच्या पुढे मागचे चाक बसले. पंक्चरचे दुकान हाकेच्या अंतरावर होते. टायरमध्ये नवाकोरा खिळा निघाला. तो देवाने टाकला होता की दुकानदाराने, या वादात मी आजही पडत नाही. मी सामान सोडायला लागलो. आत्याने दोन्ही हात पुढे केले. "दे गडू. तू चाक बघ."

"तुझ्याकडे आहे ना?"

तिने गळ्याशी हात नेला. मग माझ्या छातीकडे पाहिले. मला वाटत होते तिच्याजवळ आहे, तिला वाटत होते मी घेतला. आम्ही दोघांनी नियम इतका कसोशीने पाळला होता की गंगा जमिनीला न टेकवता आम्ही ती झाडावर सोडून आलो होतो. सामानात ठेवली असती तर सामानाबरोबर आली असती.

आत्या पंक्चर निघेपर्यंत दुकानाच्या बाकावर रिकामे हात मांडीत घेऊन बसून राहिली. त्या हातांकडे मला बघवेना. मग उठून म्हणाली, "चल मागे. आणि आराम से चालव. गडू गेला असेल तर गेला, आपण नको त्याच्या मागोमाग जायला."

त्या परतीच्या रस्त्याबद्दल मला फारसे लिहिता येत नाही. उजव्या कानात नामस्मरण नव्हते. ज्याची कटकट वाटत होती, ते बंद पडल्यावर रस्ता किती ओसाड झाला हे मला तेव्हा कळले. आत्याचा हात माझ्या खांद्यावर इतका हलका पडला होता की ती आहे ना हे मी आरशात बघत होतो. महामार्गाकडेला टांगलेल्या तांब्याच्या वस्तूचे काय होते हे समजायला इतिहासाचा प्राध्यापक असण्याची गरज नाही. तरी कटनीजवळ कुठेतरी मी मनातल्या मनात बोलायला लागलो. काकांशी बोलत होतो की आणखी कोणाशी, ते मला नक्की सांगता येणार नाही. मी काही मोठे मागितले नाही. एवढेच म्हणालो, की हे आता माझ्या हातात नाही, तुम्ही बघा. हे वाक्य मी लोकांच्या तोंडून हजारदा ऐकले होते आणि दर वेळी मला ते आळशी माणसाचे वाक्य वाटले होते. त्या संध्याकाळी लक्षात आले की ते म्हणायला बरीच मेहनत पडते. गाडी तिच्या पन्नासने चालत राहिली. मी कितीही व्याकूळ झालो तरी ती पंचावन्नने गेली नाही, आणि ते बरेच झाले.

उन्हे कलता कलता ढाबा दिसला. कडुनिंबही दिसला, पण ती फांदी नव्हती. बुंध्यावर ताजी पांढरी खूण होती आणि खाली पडलेल्या पाल्यात शेळ्या चरत होत्या. मी गाडी थांबवली. आत्या उतरलीच नाही.

चुलीकडून आवाज आला, "आ गए? बड़ी देर लगाई!"

ती बाई रोट्याच करत होती. कापडाची झोळी गाठ मारून आखूड केलेली, आणि आमचा गडू तिच्या गळ्यात. पुढे वाकली की तो झुलायचा, मग ती कोपराने त्याला बाजूला सारून पोळपाटावर लाटणे फिरवायची. सगळा गडू पिठाच्या बोटांनी पांढरा झाला होता.

"बिजली वाले आए थे, तार के नीचे की डाल काट गए," ती म्हणाली. "हमने पहले ही उतार लिया."

मी विचारले, "तब से गले में है?"

"तो कहाँ रखते? हमने सोचा, यहाँ खटिया पड़ी है, चबूतरा है, फिर भी कोई पेड़ पर टाँगे, तो कुछ सोचकर ही टाँगा होगा। शेड में टाँगते तो धुआँ लगता।"

आत्या गाडीवरून कशी उतरली ते मला दिसले नाही. ती सरळ त्या बाईच्या पायांशी वाकली. बाई पिठाचे हात वर करून मागे सरकली. "अरे अम्मा! हमें पाप चढ़ाओगी क्या!" मग तिनेच मान खाली घातली आणि आत्याने गडू स्वतःच्या गळ्यात घेतला. त्या दिवसभरात पहिल्यांदाच आत्याला रडू फुटले. बाईने तिला खाटेवर बसवून पाणी दिले आणि थोड्या वेळाने मला हळूच विचारले, "भैया, इसमें है क्या?"

"गंगाजल."

"अच्छा। हम समझे घी है।"

पुढे सगळे सुरळीत झाले. नागपूर, हैदराबाद, मदुराई. ती छोटी गाडी एकदाही रुसली नाही. रामेश्वरला पुजाऱ्याने गडूवरचे वाळलेले पीठ पुसायला फडके उचलले, तेव्हा आत्या म्हणाली, "रहने दीजिए." त्याला हिंदी कितपत समजले कोण जाणे, पण त्याने फडके खाली ठेवले. झाळ फोडली, काकांनी भरलेले पाणी पिंडीवर पडले, आणि आत्या मोठ्याने म्हणाली, "पोहोचलो हो." ते कोणाला उद्देशून होते हे मी विचारले नाही.

परतीला सेतूची वाळू एका पुरचुंडीत आत्याच्या गळ्यात होती. वाळूला तोच नियम लागू आहे की नाही हे काकांनी सांगून ठेवले नव्हते. आत्याने लागू केला. ढाब्यावर थांबल्याशिवाय पुढे जाणे शक्यच नव्हते. बाईने लांबूनच ओळखले.

"इस बार क्या है?"

"रेत," आत्या म्हणाली.

बाईने शेडच्या बाजूच्या वाळूच्या ढिगाकडे पाहिले. मग आत्याकडे पाहिले. "अच्छा," एवढेच म्हणाली, हात धुतले आणि मान पुढे केली. आम्ही दोघे समोरासमोर बसून जेवलो आणि ती पुरचुंडी गळ्यात घेऊन रोट्या लाटत राहिली.

मी आजही चमत्कार वगैरे म्हणत नाही. पण आम्ही दोघांनी जिवापाड जपलेला तो गडू सगळ्यात सुरक्षित कधी होता, तर आम्ही तो विसरून पुढे गेलो तेव्हा, हे मला नाकारता येत नाही. आत काय आहे हे माहीत नसताना, केवळ दुसऱ्याने काही विचार करून टांगले असेल एवढ्या भरवशावर, एक बाई ते गळ्यात घालून कामाला लागली. श्रद्धा म्हणजे काय यावर मी पुष्कळ वाचले आहे. ती इतकी सोपी करून दाखवल्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. हल्ली एखादी गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली की मी आधी फांदी शोधतो.

घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरलो. आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहिली, पुरचुंडी सोडली आणि अवघ्या भारताच्या टोकावरून आणलेली ती मूठभर वाळू डोळे मिटून गंगेला अर्पण केली. यात्रा पुरी झाली. समोर ऊन वर येत होते. पलीकडच्या तीरावर, नजर पोहोचेल तिथपर्यंत, सगळी वाळूच आहे.