लेबल नसलेली किल्ली

फळीवरच्या सगळ्या किल्ल्यांना लेबलं आहेत, मग या एकीलाच का नाही, असं तुम्ही मागच्या सुट्टीत विचारलंत. मी उत्तर टाळलं. तिच्यावर काय लिहावं, हे मला कधी ठरवता आलं नाही.

आम्ही सुरतेत होतो तेव्हा, नव्वदच्या दशकात, जुन्या गाडीची एकच किल्ली उरली होती. म्हणून रस्त्यावरच्या चावीवाल्याकडे गेलो. मी त्याच्याशी हिंदीत बोलले. त्याने घासलेली पहिली किल्ली गाडीच्या दाराला लागेना. ती बाजूला ठेवून त्याने दुसरी घासायला कानस उचलली, तेव्हा मी तुमच्या आजोबांना मराठीत म्हणाले, "लक्ष ठेवा. ही त्याच्याकडेच राहायची, मागून तो नीट घासायचा आणि उद्या गाडी जायची."

"अगं, हळू बोल," ते म्हणाले.

दुसरी किल्ली नीट लागली. मग त्याने बिघडलेलीही पुसून माझ्या हातावर ठेवली.

"ताई, हाई बी लई जा," तो अहिराणीत म्हणाला. "मन्हाकडे तुम्हनं काहीच ऱ्हायनं नही."

तो आपल्या खानदेशातलाच होता. मला मराठीत माफी मागता आली असती. मी इंग्रजीत 'थँक्यू' म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.