बांधावरच्या वेलीचा पराग

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्यानं वरची दोन वांगी चकचकीत ठेवली, की खालची किडकी असणारच, असं मी धरून चालते. रायपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत हा स्वभाव कामालाही यायचा. कितीतरी वेली फुलानं सारख्याच दिसतात, सगळ्यांचा तोच तो भोंगा. वेगळ्या कळतात त्या परागावरून. सूक्ष्मदर्शकाखाली एका गटाचा दाणा काटेरी गोळा, तर दुसऱ्याचा गुळगुळीत. म्हणून फुलावर माझा कधीच विश्वास नव्हता, परागावर होता.

अभनपूरच्या एका बांधावरची वेल मी गुळगुळीत गटात बसवली होती. पानं, फळं, सगळं तेच सांगत होतं. माझा सगळा शोधनिबंध त्यावर उभा होता. आणि पहिल्याच काचपट्टीवर गुळगुळीत दाण्यांमध्ये पाच-सहा काटेरी दाणे!

मनात शंकेची पाल चुकचुकली ती थेट दीदीवर. दीदी आमची मदतनीस, मूळची भंडाऱ्याकडची. पराग आम्लात उकळायच्या काचनळ्या तीच धुवायची. आदल्या दिवशी तिनं तळ्याकाठच्या बेशरमाच्या झुडपाचा पराग उकळलेल्या नळ्या धुतल्या होत्या, आणि बेशरमाचा पराग काटेरी.

"दीदी, नळ्या नीट धुतल्या होत्या ना?"

"तीनदा धुतल्या मॅडम. काहून?"

तिचं ते 'काहून'च मला खटकलं. सरळ माणूस उलट विचारत नाही, असं तेव्हा वाटलं. आज लिहिताना लाज वाटते. विभागप्रमुखांना सांगून मी तिला परागाच्या टेबलावरून हलवलं आणि भांडारात बसवलं. त्या टेबलावर तिचा जीव होता. काम आटोपलं की ती डोळा लावून दाणे बघत बसायची, आणि काटे माझ्याआधी तिला दिसायचे.

मग मी स्वतः नवी कोरी नळी घेतली. तरी काटे आहेतच. दीदीनं जाताजाता फुलांच्या पुडीत काही टाकलं की काय, इथवर माझी मजल गेली. तावातावानं पुडी उलटी केली. मागं माझंच अक्षर होतं : 'उमललेली फुले, सकाळी दहा.'

पराग घ्यायचा तो मिटलेल्या कळीतून. उमललेल्या फुलात मधमाशी कुठलाही पराग आणून सांडते. दरवर्षी मुलांना मी हेच घसा फोडून सांगते. त्या दिवशी ऊन चढलं होतं, म्हणून हाताला लागली ती फुलं तोडली होती. बांधाखालीच बेशरम माजलेलं होतं. पुन्हा जाऊन कळ्या आणल्या. सगळे दाणे गुळगुळीत निघाले.

भांडारात जाऊन मी दीदीला सगळं सांगितलं, माफी मागितली, परत टेबलावर चला म्हटलं. ती बाटल्या पुसत होती.

"नाही मॅडम," ती म्हणाली, "मी इथंच बरी आहे. इथं माझ्या हाताकडे कोणी पाहून नाही राहिलं."