आईच्या तुकड्यातला काळा गाळ

उमरखेडकडच्या आमच्या वावरात विहिरीजवळचा तुकडा आईचा. घरची तूर, वांगी, मिरची तिथूनच येते. त्या तुकड्यावर दादाचा भारी जीव, म्हणून तो चांगलं करायला गेला आणि घोळ झाला.

आमच्याकडे उन्हाळ्यात तळ्यातला गाळ उपसून वावरात टाकतात. गाळ पडला की जमीन पुढची काही वर्षं खूश. यंदा तळ्यावर ट्रॅक्टरची रांग होती. कुणीतरी सांगितलं, शहरात सांडपाणी साफ करतात तिथला गाळ फुकट मिळतो. दादाने तो आणला आणि सगळ्यात आधी आईच्या तुकड्यात पसरला. काळंभोर, मऊ दिसलं की आमच्या लोकांना सोनंच वाटतं.

पावसाळ्यात मातीवर पापडी धरली, वांगी खुरटली. मी माती तपासायला प्रयोगशाळेत दिली. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. शहर जे खातं ते शेवटी त्या गाळात उतरतं. ही पापडी बहुतेक मिठाची. पण पदार्थ टिकावेत, पांढरेशुभ्र दिसावेत, साखरेवाचून गोड लागावेत म्हणून जे घालतात, त्यातलंही काही लवकर कुजत नाही. ते मातीतल्या जिवांचं काय करतं, हे अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही. मला भयंकर राग आला, आणि काढायला माणूस सापडेना. मी स्वतः शहरात राहते. माझ्या डब्यात क्रीमची बिस्किटं, नवऱ्याच्या चहात बिनसाखरेची गोळी.

घरी सांगितल्यावर आई एवढंच म्हणाली, "जे कुजत नाही, त्याची माती कशी होईन?"

त्यानंतर दादा त्या तुकड्यात पायच ठेवीना. आईच्या ताटात आपण घाण कालवली, हे त्याच्या मनातून जाईना. त्याच्याकडे बघून माझा जीव तुटायचा.

कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. बाया वावराला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मग वेचायला लागतात. यंदा म्हैस आटलेली. दादा उमरखेडहून गोड दह्याचा डबा घेऊन आला. आईने तो माझ्या हातात देऊन बारीक अक्षरं वाचायला लावली. रंगासाठी एक, वासासाठी एक, घट्टपणासाठी एक, टिकण्यासाठी आणखी एक. वाचता वाचता माझाच आवाज खाली गेला. दादाने मान वर केली नाही.

आईने डबा बाजूला ठेवला. "वावराले शहराचं लय खाऊ घातलं, बापू. आता घरचं घालू. जाय, तांड्यातून वाटीभर दही आन."

शेजारच्या बंजारा तांड्यातून दादा दही घेऊन आला. आईने भात कालवला आणि वाटी त्याच्याच हातात दिली. हे काम बायांचं, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. दादा आईच्या तुकड्यात गेला, खाली बसला, बोटांनी पापडी फोडली आणि दहीभात मातीवर ठेवला.

"खाय माय," तो हळूच म्हणाला, "घरचं आहे."