बैलाविना पिकलेलं पान

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा आईचा नेम. त्या वर्षी ती बहारीनला, अरादच्या आमच्या घरी होती. आदल्या दिवशी बाजारात मी तिला भाज्यांवरची लेबलं वाचून दाखवली: भारत, जॉर्डन, इराण. शेत कशाने नांगरलं, ते कशावरच नव्हतं.

"मग उपाशी राहीन," ती म्हणाली. तिला मधुमेह होता.

मी तिला एका स्थानिक शेतावर नेलं. बाहेर अंग भाजत होतं. आतल्या गार काचघरात पांढऱ्या पाइपांच्या भोकांतून लेट्यूस वर आलं होतं.

"बैल किधर है?" तिने कामगाराला विचारलं.

"माताजी, यहाँ तो मिट्टी भी नहीं है," तो हसला आणि त्याने एक रोप उचललं. मुळांतून पाणी निथळत होतं. ते समुद्राचं, मीठ काढलेलं पाणी होतं.

तेल विकून अन्न आणणाऱ्या या बेटावर मी अनेक वर्षं जेवत होतो. इथे उगवलेलं पान मी पहिल्यांदाच हातात घेतलं.

"घे रे चार गड्डे," आई हळूच म्हणाली.

पंचमीला तिने चिंच घालून लेट्यूसची भाजी केली आणि पोटभर जेवली.