निंगप्पाची घोंगडी

गिरणीच्या चाळींना पाणी सोडायचं काम निंगप्पाकडं होतं. टाकीखाली मोठी चावी, तिचं चाक सकाळ-संध्याकाळ फिरवायचं. पण हा बाबा इतका सावकाश फिरवायचा की नळापाशी उभं राहून आम्हा बायकांचे पाय दुखायचे. बंद करताना तर त्याहून सावकाश.

"अहो निंगप्पा, चाक फिरवताय की जपमाळ ओढताय?" मीच ओरडायचे. चाळीत या अनसूयेइतकं तोंडाळ दुसरं कोण होतं!

"अक्का, भरली गाडी उतारावर एकदम थांबवली तर ओझं कुटं जातंय? बैलाच्या मानंवर. धावतं पाणी एकदम अडवलं की तसंच नळाला धडक देतंय."

बायको, काशम्मा, गेल्यापासून तो एकटाच राहायचा. मूलबाळ नव्हतं. दिवसभरात त्याच्याशी बोलणारी माणसं म्हणजे नळावरच्या आम्ही, आणि आम्ही काय, कटकटच करायचो. तेवढ्यावरही त्याचा चेहरा खुलायचा.

चौतीस साली नवा मुकादम आला. "चावी बंद करायला पाव तास? कामचुकार!" म्हणून त्यानं निंगप्पाला काढलं आणि धोंडीरामला ठेवलं.

"कामावर नगा घेऊ, पण चाकापाशी उभा तर ऱ्हाऊ द्या की," निंगप्पा म्हणाला. मुकादमानं हाकलून दिलं. आम्ही घागरी भरत राहिलो. खरं सांगते, पाणी झटकन येणार म्हणून मला बरंच वाटलं.

धोंडीराम दोन हिसक्यांत चाक बंद करायचा. लगेच भिंतीतले नळ धाड् धाड् वाजायचे. आम्ही हसायचो. आठवडाभर निंगप्पाची कुणी चौकशी केली नाही.

आठव्या दिवशी चाक अर्धवटच फिरलं असताना चावीपुढचा मोठा नळ सांध्यात फुटला. पाणी घराघरांत शिरलं. धोंडीराम घाबरून पळाला, दुसऱ्या कुणाला चाकाला हात लावायचं धाडस होईना. मुकादमासकट आम्ही पंधरा-वीस जण निंगप्पाच्या दारात गेलो.

एवढी माणसं बघून तो गडबडून उठला. "आलात व्हय?" त्यानं घाईघाईनं घोंगडी अंथरली. "बसा की. भाकरी हाय, चटणी हाय."

कुणी बसलं नाही. "नळ फुटलाय, चल!" मुकादम ओरडला.

निंगप्पानं आमच्याकडं पाहिलं. घोंगडी गुंडाळून ठेवली आणि आला. सावकाश, एकेक फेरा देत त्यानं पाणी थांबवलं. मग एकटाच परत गेला. मी घर पुसत बसले.

काम त्याला परत मिळालं. पण ती घोंगडी माझ्या मनातून जाईना, मेली लाज वाटत होती. एके दुपारी मुद्दाम त्याच्याकडं बसायला गेले.

मला दारात बघताच तो चपला शोधायला लागला.

"काय अक्का, पाणी येत न्हाय?"