इंजिनातली पिसं

सांगावं की नाही, हेच कळत नाही. पण कुणाकडून तरी तुम्ही ऐकणारच. मग माझ्याच तोंडून ऐका. बी.ए. झालेल्या बाईनं सांताक्रूझच्या विमानतळावर काय दिवे लावले ते!

आमचे हे तेव्हा इंग्लंडात. प्रवासी विमानांची मोठाली इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात, चाचणी विभागात. मी आठ महिन्यांच्या मन्याला घेऊन सासरी, राहात्याला. आमची दोघांची तिकिटं आली आणि पाठोपाठ ह्यांचं पत्र. मामंजींना मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

'काल चालू इंजिनात मेलेल्या कोंबड्या मारल्या. आकाशात पक्षी घुसला तर इंजिन टिकतं का, ते बघायला. आधी पाणी आणि गारा मारून झाल्या. पुढच्या आठवड्यात पूर्ण वेगात एक पातं मुद्दाम तोडणार. तू निर्धास्त ये.'

निर्धास्त! हा माणूस पत्र लिहितो की जीव घेतो?

"आन् मंग त्या इंजिनाचं काय करत्यात?" मामंजींनी विचारलं.

"टाकून देत असतील."

"बी.ए. झालीस आन् असं बोलतीस? येवढं भारी इंजिन कोन टाकतं? आपल्या हिरीवरचं बघ. तिसऱ्या हाताचं हाय. फुटल्यालं हुतं. वेल्डिंग मारलं, हिरवा रंग दिला आन् मला इकलं! तसंच आसनार. धुतलं, पातं जोडलं, लावलं इमानाला!"

मला पटलं की हो! राहात्यात कुणी इंजिन फेकून दिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. माझी झोपच उडाली. माझं एक वेळ जाऊ द्या, पण मन्याला मी कोंबड्यांनी फोडलेल्या इंजिनाच्या भरवशावर समुद्रावरून नेऊ? ह्यांना विचारावं, तर उत्तर यायच्या आत विमान सुटणार.

निघताना मामंजींनी बजावलं, "रंगाला भुलू नगंस. रंगाखाली जोड बघ. न्हाई पटलं, तर लेकरू घिऊन सरळ म्हागारी ये."

झालं! सांताक्रूझला सगळे ओळीनं शिडीकडे निघाले आणि मी मन्याला काखेत मारून थेट पंखाखाली. इंजिनाचं तोंड तरी केवढं! आमची विहीर आडवी टांगल्यासारखं. मान वर करून मी एकेक पातं निरखायला लागले.

"ओ ताई! तिकडं कुठं?" एक मेकॅनिक धावत आला. मराठी निघाला, हे माझं नशीब. त्याचं काय, ते त्यालाच ठाऊक.

"जोड बघतेय."

"कसला जोड?"

"मोडलेल्या पात्याचा. आणि पिसं राहिलीत का, तेही."

पर्समधून पत्रच काढून दाखवलं. तो वाचत गेला, हसत गेला.

"अहो ताई, ते इंजिन चाचणीपुरतं. पातं तोडलं की त्याचं काम संपलं; ते कधीच विमानाला लावत नाहीत. हे कोरं करकरीत आहे. ह्याला कोंबडीचा वारासुद्धा लागलेला नाही!"

हुश्श! मी शिडीची पहिली पायरी चढले. दुसरीवर पाय थबकला.

"अहो," मी तिथूनच ओरडले, "म्हणजे ह्या इंजिनात एकसुद्धा कोंबडी टाकून बघितलेली नाही?"

पुढचे दोघे वळले. मागचे चौघे माघारी फिरले.

मेकॅनिकनं हात जोडले. "ताई, पाया पडतो, तुम्ही आधी आत जाऊन बसा. नाहीतर हे विमान रिकामंच जाईल!"

बसले. आणि लंडनपर्यंत डोळ्याला डोळा न लावता, खिडकीतून पक्ष्यांवर पहारा ठेवला.